पाऊलवाट नकाशात आहे, शिवारात का नाही?

सकाळी गावाबाहेर निघालेल्या बाईच्या डोक्यावर घागर नसेल, हातात विळा नसेल, कमरेला भाकरीचं फडकं नसेल, तर आमच्या नांदूरघाटच्या बाजूला तिला रस्त्यात भेटणारं प्रत्येक माणूस विचारतं, "कुठं चाललाव वो बाई?" मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, म्हणून 'बाई' आणि 'वो'. दुसरी कुणी असती तर "कुठं चाललीस गं?" एवढंच. "फिरायला" असं उत्तर दिलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. घरात काही भांडण झालं का, दवाखान्यात कुणी आहे का, अशी काळजी त्याला वाटते. बाईमाणसानं कामाशिवाय चालावं, हे आमच्या शिवाराच्या अजून पचनी पडलेलं नाही.

यामागं एक इतिहास आहे आणि तो स्पष्ट बोलायला हवा. परवापरवापर्यंत गावातल्या बायका पहाटेच्या अंधारात घोळक्यानं बाहेर पडायच्या त्या हागणदारीकडं. कामाशिवाय गावाबाहेरच्या वाटेशी बाईचं नातं ते एवढंच, आणि तेही लाज, विंचूकाटा आणि कुणी येईल या धास्तीचं. गेल्या दहा वर्षांत बहुतेक घरी संडास झाले. तो पहाटेचा घोळका मोडला आणि त्याबरोबर बायकांचं कामाशिवाय घराबाहेर पडणंही थांबलं. आता पन्नाशीच्या बाईला साखर, बीपी, गुडघे हे सगळं एकदम होतं आणि डॉक्टर कागदावर लिहून देतात, रोज अर्धा तास चाला. चालायचं कुठं? डांबरी रस्त्याच्या कडेनं चालावं, तर हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, काळीपिवळी जीप आणि मोबाईल कानाला लावलेली मोटारसायकल. त्या रस्त्यानं चालायला सांगणं म्हणजे रोगापेक्षा औषध जड.

माझं म्हणणं असं आहे की चालायची जागा आमच्याकडं आहे. ती आम्हीच बुजवत चाललो आहोत. बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातलं हे गाव आणि आसपासची गावं बालाघाटच्या डोंगररांगेच्या आश्रयानं वसलेली. दुष्काळी म्हणून आमची ओळख करून देतात. पण कुठल्याही वस्तीपासून तासाभराच्या आत चालत जाता येईल असा एखादा पाझर तलाव, एखादा माळ किंवा वनखात्याचं रान आणि एखादं जुनं देऊळ, बारव नाहीतर समाधी इथं असतेच. या तिन्हींना जोडणाऱ्या वाटाही आहेत. गावनकाशात त्या आजही दिसतात. शिवारात मात्र दिसत नाहीत.

तलावापासून सुरुवात करते, कारण तो माझ्या जवळचा आहे. 1972 चा दुष्काळ पडला तेव्हा मी नुकती पाटी घेऊन शाळेत जाऊ लागले होते. आमच्या शिवारालगतच्या पाझर तलावाच्या भरावावर माझ्या आईनं टोपल्यानं माती वाहिली. त्या काळचं बोलणं निघालं की ती दोनच गोष्टी सांगायची. एक, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, जिची भाकरी थापताना तुटायची, आणि दुसरी, कामावर पोरांना मिळणारी सुकडी. तिच्यासारख्या हजारो बायकांनी मराठवाडाभर असे तलाव, नालाबांध आणि रस्ते केले. त्याच कामांतून रोजगार हमी योजना उभी राहिली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि पुढं साऱ्या देशानं ती कल्पना उचलली. वेरूळ-अजिंठ्याला आपण वारसा म्हणतो, ते बरोबरच आहे. पण भुकेल्या बायकांनी डोक्यावर माती वाहून उभा केलेला भराव हासुद्धा वारसा आहे. त्यावर साधी पाटीही नाही. कोणत्या साली, कोणत्या गावच्या लोकांनी, कोणत्या दुष्काळात हे केलं, हे तिथून जाणाऱ्या पोरांना कोण सांगणार?

पाझर तलावाला कालवा नसतो. पाणी अडवायचं, मुरवायचं आणि खालच्या अंगाच्या विहिरींना ते लागू द्यायचं, एवढंच त्याचं काम. म्हणून तो शांत असतो. पावसाळा सरल्यावर, दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत, त्याच्या कडेनं चालण्यासारखं सुख नाही. भरावाचा माथा सपाट असतो, चढउतार नाही, गुडघ्याला त्रास नाही. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली तूर आणि ज्वारी. टिटवी आपल्या आधी पुढं उडून वर्दी देते. खंड्या तारेवर बसलेला असतो. थंडीत चक्रवाकाची भगवी जोडी उथळ पाण्यात उतरते. मी शाळेत असताना परिसर अभ्यासाचा तास कित्येकदा भरावावर घेतला. सांडवा म्हणजे काय, हे फळ्यावर काढून सांगण्यापेक्षा सांडव्यावर उभं राहून सांगितलं की पोरं जन्मात विसरत नाहीत. पावसाळ्यात चिखलात पाय रुतवून पाणी कुठवर आलं ते बघायचं आणि मार्चमध्ये ते कुठवर मागं हटलं ते बघायचं. भूगोल याहून सोपा करून सांगता येत नाही.

भरावावर माणसांची वर्दळ असण्याचा आणखी एक फायदा आहे, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मातीचा भराव एका रात्रीत फुटत नाही. आधी खेकड्यांची, उंदरांची बिळं पडतात. वेडी बाभूळ मुळं रोवते, ती वाळली की मुळांच्या जागी पोकळी राहते. खालच्या बाजूला ओल दिसू लागते, मग गढूळ पाझर सुरू होतो. हे सगळं चालणाऱ्याला दिसतं, मोटारीतून पाहणी करून जाणाऱ्याला दिसत नाही. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला, मांजरा आणि तिच्या उपनद्या ज्या रीतीनं पात्राबाहेर आल्या आणि काठची माती खरवडून घेऊन गेल्या, ते पाहिलेल्या माणसाला मी वेगळं काही सांगायला नको. रोज सकाळी भरावावरून जाणाऱ्या चार बायका हा तलावाचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जागा पहारा आहे.

याच मांजरेची दुसरी बाजूही आमच्याच तालुक्यानं पाहिली आहे. धनेगावचं मांजरा धरण केज तालुक्यात. 2016 च्या उन्हाळ्यात ते आटलं आणि त्यावर तहान भागवणाऱ्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिली गाडी 12 एप्रिलला पोचली. ज्या मुलांनी ती बातमी टीव्हीवर पाहिली, त्यांच्यातल्या कितीजणांनी आपल्या शिवारातला तलाव पायी जाऊन पाहिला होता? पाण्याची किंमत भाषणानं कळत नाही, तलावाच्या काठानं बारा महिने चाललं की कळते.

आता रानाकडं. आमच्या रानात सह्याद्रीसारखी गर्द झाडी कुणी शोधू नये. हिवर, बोर, बाभूळ, पळस, आपटा, लिंब, मध्येच तरवडाची पिवळी फुलं आणि उतारावर सीताफळ. हे उघडं, काटेरी, कुसळाचं रान आहे आणि त्याची स्वतःची शोभा आहे. फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा सारा माळ पेटल्यासारखा दिसतो. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते फळ याच मुरमाड उतारांवर, कुणी पाणी न घालता येतं. दिवाळीच्या आधी डोंगरातून पाट्या भरून आणणाऱ्या बायकांना त्या रानातली प्रत्येक वाट पाठ असते. पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे, 1994 सालचं, सुमारे 30 चौरस किलोमीटरचं. पण मोर पाहायला तिथवर जायची गरज नाही. सकाळी सहाच्या आत माळाच्या कडेला जा, मोराचा आवाज कुठून येतो ते कान देऊन ऐका आणि गप्प उभं राहा.

आणि देवळं. मांजरसुंब्याजवळचं कपिलधार आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. दरीत पडणारी धार आणि संत मन्मथस्वामींची समाधी. कार्तिक पौर्णिमेला महाराष्ट्रातून, कर्नाटकातून, तेलंगणातून लिंगायत समाजाच्या दिंड्या पायी तिथं येतात. लिंबागणेशचा भालचंद्र गणपती, बीड शहरात पाण्यात उभं असलेलं कंकालेश्वर, शहराबाहेरची निजामशाही काळातली खजाना बावडी, अंबाजोगाईला मुकुंदराजांची दरीतली समाधी, धारूरचा किल्ला. यादी मोठी आहे आणि ती शासनाच्या पुस्तिकांतून छापूनही येते. माझं मन गुंतलंय ते यादीत न आलेल्या गोष्टींत. वेशीबाहेर झाडाखाली टेकवून ठेवलेले वीरगळ, ज्यांना लोक भोळेपणानं देव समजून शेंदूर लावतात. चिंचेच्या झाडाखाली बुजत चाललेली बारव. पिराचा दर्गा आणि त्याला लागून असलेला ओटा, जिथं उन्हाळ्यात वाटसरूंसाठी रांजण भरून ठेवलेला असायचा. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्र बारव मोहिमेच्या तरुणांनी गावोगावच्या बारवा शोधून नकाशावर आणल्या, गाळ-कचरा काढून महाशिवरात्रीला दिवे लावले. तसं काम करायला बाहेरून कुणी यावं लागू नये, एवढीच माझी इच्छा.

चालणं आम्हाला नवं आहे असंही नाही. पैठणहून नाथांची पालखी रायमोहा, पाटोद्यावरून जाते. मुक्ताबाईंची पालखी बीड, पाली, चौसाळ्याहून पुढं सरकते. शेगावची पालखी परळी, अंबाजोगाईवरून. माझी सासू सत्तरीतही पंढरपूरला पायी जायची आणि परत आली की महिनाभर टवटवीत असायची. पांडुरंगासाठी बाईनं पंधरा दिवस घर सोडलं तर गाव पाया पडतं. तीच बाई स्वतःच्या तब्येतीसाठी रोज अर्धा तास बाहेर पडली तर गाव विचारतं, कामधंदा नाही का? ही दृष्टी बदलायची असेल तर त्या अर्ध्या तासाला एक वाट द्यावी लागेल.

वाटा गेल्या कुठं? पूर्वी दोन शेतांमधला बांध एवढा रुंद असायचा की त्यावरून बैल जायचा. ट्रॅक्टर आला, जमिनीचे तुकडे पडले आणि जो तो वर्षाला नांगराचा एक तास बांध कोरू लागला. दोन्ही बाजूंनी कोरता कोरता बांधाची रेघ उरली आणि वरची पाऊलवाट संपली. पाणंदीत काट्या पडल्या. रानडुकरं आणि हरणं पिकात शिरतात म्हणून शेतकऱ्यानं झटका मशीनची तार ओढली. त्याचं दुःख खरं आहे, पण ती तार वाटेवरून गेली की म्हातारी माणसं आणि पोरं तिकडं फिरकत नाहीत. डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यांच्यासाठी जेसीबीनं रस्ते खोदले आणि जुन्या गुरवाटा मधेच तुटल्या. मी ज्या वाटेनं माहेरच्या मळ्यात जात असे, तिथं आज कापूस आहे. ज्याचं शेत आहे तो माणूस वाईट नाही. त्याला कुणी अडवलंच नाही.

कायदा मात्र आहे. गावनकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनं दाखवलेला असतो, त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. पायमार्ग एकेरी तुटक रेषेनं, रुंदी सव्वाआठ फूट. हे दोन्ही पोटखराब्यात धरलेले असतात, म्हणजे ती जमीन पिकाखालची मानलेलीच नाही. असलेली वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदार ती मोकळी करून देऊ शकतात. बांधावरून नवी वाट हवी असलेल्या शेतकऱ्यासाठी जमीन महसूल संहितेचं कलम 143 आहे. सार्वजनिक रस्त्यावरचं अतिक्रमण काढायचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 53 नं ग्रामपंचायतीलाच दिला आहे. 2025 मध्ये शासनानं शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घ्यायचं ठरवलं. पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावाची योजना त्याआधीच सुरू झाली होती. पण या साऱ्यात विचार होतो तो ट्रॅक्टरचा आणि उसाच्या गाडीचा. तो व्हायलाच हवा. पायमार्गाच्या एकेरी तुटक रेषेचा विचार मात्र कुणी करत नाही.

शेतकऱ्यांचे दोन आक्षेप मी अनेकदा ऐकले आहेत आणि ते मला खरे वाटतात. पहिला, वाट उघडली की चोरी होते, हरभऱ्याचे घाटे जातात, सीताफळं जातात, मोटारचं केबल जातं. केबलचोर पाऊलवाटेनं सकाळी सातला येत नाही, हे शेतकऱ्यालाही ठाऊक असतं. उलट राबता असलेल्या शिवारात चोराची हिंमत कमी होते. तरीही वाट पिकाच्या मधून न नेता कडेनं न्यावी, दुचाकी शिरणार नाही असे दगड तोंडाशी रोवावेत आणि काढणीच्या दिवसांत तेवढा तुकडा बंद ठेवावा, हे मला मान्य आहे. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: "बाई, इथं पोटासाठी लोक कोयता घेऊन साखर कारखान्याला जायलेत, अन् तुम्ही फिरायच्या वाटा काढायलाव." दिवाळीनंतर आमच्या भागातल्या वाड्या रिकाम्या होतात. मागं राहतात म्हातारे आणि लेकरं. माझं उत्तर असं की याच म्हाताऱ्यांसाठी आणि याच लेकरांसाठी मला ती वाट हवी आहे. कोयता चालवून बाईचं शरीर चाळिशीत झिजतं, ती परत येते तेव्हा तिलाही चार पावलं ओझ्याशिवाय टाकायचा हक्क आहे. श्रमानं थकलेल्या माणसाला मोकळी हवा लागत नाही, असं मानणं हा त्याच्यावर केलेला अन्याय आहे.

इंग्लंडात हा लढा कष्टकऱ्यांनीच दिला. 24 एप्रिल 1932 रोजी मँचेस्टरच्या बाजूचे काही शे तरुण, त्यात कितीतरी गिरणी-कारखान्यांत राबणारे, किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर मुद्दाम चालत गेले. तो डोंगर जमीनदारांनी शिकारीसाठी राखलेला होता. पाचजणांना तुरुंगात जावं लागलं. 1949 मध्ये तिथं कायदा झाला आणि गावोगावच्या पंचायतींनी आपापल्या शिवारातल्या पायवाटा प्रत्यक्ष चालून कागदावर उतरवल्या. आज इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा नोंदलेल्या वाटांची लांबी सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर आहे. त्या शेतातूनच जातात, मालकी शेतकऱ्याचीच राहते आणि चालणाऱ्याचा हक्कही राहतो. आमच्याकडं गावनकाशा आधीच तयार आहे. आम्हाला फक्त तो घेऊन चालायचं आहे.

एक भीती मात्र आताच बोलून ठेवते. वाटेची मागणी केली की 'सुशोभीकरण' मंजूर होतं. मग पेव्हर ब्लॉक येतात, सिमेंटचे बाक येतात, बसायच्या छत्रीला निळा-गुलाबी रंग लागतो, तलावाच्या भरावावर शोभेची झाडं लागतात आणि उद्घाटनाच्या फलकावर नावांची रांग लागते. दोन पावसाळ्यांत ब्लॉक उखडतात. मातीच्या भरावावर झाड लावणं हे तर भरावाच्या मुळावर येणारं काम. झाडं लावायचीच तर भरावापासून दूर, वाटेच्या कडेला, आणि तीही इथलीच लावावीत: लिंब, करंज, चिंच, आपटा. वाट मुरमाची असू द्या. तिच्यावर फार तर काट्या दूर करणारा एक माणूस हवा, वळणावर दगडावर रंगवलेला बाण हवा आणि जिथं वीरगळ किंवा बारव आहे तिथं चार ओळींची मराठी पाटी हवी. रोजगार हमीवर होण्यासारखं हे काम आहे. ज्या कामांनी भराव घातला, त्यांच्यातूनच उभ्या राहिलेल्या योजनेनं त्यावरची वाट नीट ठेवली तर शोभेल.

शाळांकडून माझी अपेक्षा जास्त आहे, कारण तिथं मी आयुष्य घालवलं. सहल म्हटली की महाबळेश्वर, रायगड, नाहीतर पुण्याजवळचं वॉटर पार्क. गरिबाचं पोर पैसे नाहीत म्हणून घरी राहतं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात गप्प बसतं. पूर्वी श्रावणात वनभोजन असायचं. डबे बांधून, रांगेत, पायी, फुकट. ते पुन्हा सुरू करा. पाचवीच्या पुढच्या प्रत्येक मुलानं आपल्या गावाच्या शिवेवरून एक पूर्ण फेरी मारलेली असली पाहिजे. त्यात मुली आल्या पाहिजेत. मुलीला लहानपणी शिवार पायाखालचं झालं तर ती पन्नाशीत त्याला भिणार नाही.

येत्या ग्रामसभेत, मग ती 1 मेची असो की 15 ऑगस्टची, तलाठ्याकडचा गावनकाशा भिंतीवर लावायला सांगा. त्यातल्या एकेरी तुटक रेषा लाल पेन्सिलीनं ठळक करा. आधी तलावाकडं जाणारी एकच वाट निवडा, ज्यांच्या शेताकडेनं ती जाते त्यांना पुढं बसवून बोला, आणि त्यांच्या संमतीनं ठराव लिहून घ्या. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते, तिच्या इतिवृत्तात बायांनो आपली मागणी स्वतःच्या तोंडून घाला. तिथं कुणी बोलायला नसेल तर मी येते.